सत्तर टक्के हमी देऊनही योजना आपटली, का?

समजा, सरकार तुम्हाला म्हणालं, नव्या टेक कंपन्यांत पैसे घाला, बुडाले तर ७० टक्के आम्ही भरून देतो. घ्याल ना?

इस्रायलने १९९२ मध्ये हेच करून पाहिलं. योजनेचं नाव ‘इन्बाल’. व्हेंचर फंड, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे घालणारा फंड काढा, तेल अवीवच्या शेअर बाजारात त्याची नोंदणी करा, भांडवलाच्या ७० टक्क्यांची हमी सरकारची. योजना साफ आपटली. तोटा आधीच झाकलाय म्हटल्यावर फंड चालवणारा जिवाचं रान कशाला करेल? वर शेअर बाजाराच्या नियमांचं लचांड होतंच.

पुढच्याच वर्षी तिथले मुख्य वैज्ञानिक यिगाल एर्लिख यांनी ‘योझ्मा’ आणली. रक्कम १० कोटी डॉलर. सरकारच्या मानाने किरकोळच म्हणा. सगळी गंमत करारात आहे, तो नीट बघू.

(स्क्रीनवर: करारातल्या अटी)

एका फंडात सरकारचा वाटा साधारण ४० टक्के, फार तर ८० लाख डॉलर. बाकीचे पैसे भागीदारांनी आणायचे आणि त्यांत मुरलेली परदेशी गुंतवणूक कंपनी हवीच. कारण इंजिनिअर इस्रायलमध्ये मुबलक होते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तर त्यांचे लोंढेच आले. पण कंपनी कशी पारखायची, अमेरिकेतलं गिऱ्हाईक कसं गाठायचं, हे जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आणि तोट्याची हमी? अजिबात नाही. त्याऐवजी एक हक्क दिला: पाच वर्षांच्या आत सरकारचा हिस्सा जवळपास मूळ किंमत अधिक व्याज देऊन विकत घ्या, वरचा नफा तुमचा. दहापैकी आठ फंडांनी तो हक्क वापरला.

आपल्याकडे असं झालं असतं तर? ‘जनतेच्या पैशावर खासगीवाल्यांनी मलिदा खाल्ला’ म्हणून अधिवेशन गाजलं असतं! तक्रार अगदीच खोटी नाही, फुगलेला नफा सरकारने सोडलाच. पण घातलेले पैसे व्याजासकट परत आले, आणि दशक संपायच्या आत सरकार योझ्मातून बाहेरही पडलं. काम झाल्यावर दुकान बंद करणारी सरकारी संस्था तुम्ही किती पाहिल्यात?

आपला १०,००० कोटींचा ‘फंड ऑफ फंड्स’ २०१६ पासून सिडबी, म्हणजे लघुउद्योगांसाठीची बँक, सांभाळते. तिथेही सरकार थेट कंपन्या निवडत नाही, पैसे फंडांना देतं. स्टार्टअपवाले कुणी बघत असाल तर कॉमेंटमध्ये सांगा, परदेशी भागीदाराची अट आपल्याकडे चालली असती का?