नाव आत्मा, अंगावर प्लास्टर नाही!

मंडळी, नमस्कार. हे बघा, टेबलावर सहा वह्या उभ्या केल्यात, मध्ये चार-चार बोटं अंतर ठेवून. मागचा दिवा दिसतोय ना? आता सगळ्या वह्या एकाच बाजूला तिरक्या वळवतो. गेला दिवा! कॅमेरा जरा डावीकडे नेला, की हा परत आला. बस्स, अहमदाबादच्या एका इमारतीची अर्धी युक्ती तुम्हाला कळली.

(फोटो: पश्चिमेची बाजू)

आश्रम रोडवरची ही इमारत गिरणीमालकांच्या संघटनेनं ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुकाराकडून बांधून घेतली. १९५४ ला पूर्ण झाली. तेव्हा त्याचं चंदीगडचं कामही चालूच होतं. संघटनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हिला म्हणतात 'आत्मा हाउस'. जवळ गेलात तर काँक्रीटवर शटरिंगच्या फळ्यांचे ठसे दिसतील. आपल्याकडे सोसायटीची मीटिंग बोलावतील, बिल्डरनं काम अर्धवट सोडलं म्हणून!

आता ऊन. पश्चिमेला रस्ता, आणि दुपारनंतरचं आडवं ऊन तिथूनच घुसणार. म्हणून त्या बाजूच्या काँक्रीटच्या उभ्या पात्या तिरक्या, या वह्यांसारख्या. रस्त्यानं एकीकडून या, इमारत बंद. दुसरीकडून या, उघडी. पूर्वेला साबरमती, तिथल्या पात्या काटकोनात, सरळ. नदी दिसू दे, वारा येऊ दे. उत्तर-दक्षिणेला विटांच्या भिंती, जवळजवळ बिनखिडक्यांच्या. पाती तापते, नाही असं नाही, पण ती खोलीच्या बाहेर तापते. सगळी मेख तिथे आहे. आपण काय करतो? पश्चिमेला अख्खी काच, काचेला फिल्म, फिल्ममागे पडदा, आणि एसी अठरावर.

आत शिरायला लांबलचक रॅम्प, रस्त्याकडून थेट पहिल्या मजल्यावर. वरच्या सभागृहाच्या भिंती मात्र वळणदार. बाहेरच्या चौकोनी डब्यावरून अंदाजच येत नाही.

कॉर्बुझिएच्या अहमदाबादमधल्या कामांवर देखरेख करायला त्याच्या पॅरिसच्या ऑफिसातून आले बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्याचा, १९२७ चा; शिकले मुंबईच्या जे. जे.त. पुढे २०१८ मध्ये प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतला सगळ्यात मानाचा पुरस्कार, मिळवणारे पहिले भारतीय तेच.

आणि पूर्वेकडून दिसायचं काय? वाळूत कापड धुऊन वाळत घालणारे रंगारी, बगळे, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी, गाढवं. कॉर्बुझिएनं हे सगळं मोठ्या हौसेनं लिहून ठेवलंय. आता रिव्हरफ्रंट झालाय, काठ काँक्रीटनं बांधलाय, वाळू पाण्याखाली गेलीय. पात्या अजून नदीकडेच उघडतात. गाढवं तेवढी गेली.