पुण्याच्या शास्त्र्यांचे जर्मन विद्यार्थी

मंडळी, नमस्कार. आत भजी तळली जाताहेत आणि माझा विषय आहे संस्कृत व्याकरण. म्हणजे सामना मी आधीच हरलोय. तरी जर्मनीतल्या मराठी मंडळात फ्रान्झ कीलहॉर्न हे नाव कधी निघू नये, हे मला बरं वाटत नाही.

ओस्नाब्रुकला 1840 साली जन्मलेले कीलहॉर्न 1866 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक म्हणून आले. पगार शिकवण्याचा होता, पण साहेब स्वतः इथल्या शास्त्र्यांकडे शिकायला बसले. विषय निवडला तो परिभाषेन्दुशेखर! पाणिनीची व्याकरणसूत्रं कशी लावायची हे सांगणाऱ्या नियमांचा, म्हणजे परिभाषांचा, भले भले जिथे घाम पुसतात असा ग्रंथ. लिहिणारे नागेशभट्ट काळे, म्हणजे काशीतले आपलेच मराठी पंडित. त्यातली शेवटची परिभाषा मला फार आवडते: सूत्रातली अर्धी मात्रा वाचली, की वैयाकरणाला मुलगा झाल्याचा आनंद होतो. कीलहॉर्ननी या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर 1874 पर्यंत पुरं केलं.

पण त्यांचं खरं काम पतंजलीच्या महाभाष्याचं, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या मोठ्या भाष्याचं. पोथ्या गोळा करायच्या, ओळीला ओळ लावून ताडून बघायच्या, कुठल्या लेखनिकाची डुलकी लागली ते ओळखायचं. त्यात आलेलं कात्यायनाचं वार्त्तिक, म्हणजे सूत्रावरची त्याची टीप, कुठे संपतं आणि पतंजलीचं बोलणं कुठे सुरू होतं, हेही ठरवायचं. 1880 ते 1885 या काळात तीन खंड निघाले. मधेच, 1882 पासून, ते गोटिंगेनला प्राध्यापक झाले होते. डेक्कन कॉलेजातल्या त्यांच्या खुर्चीवर रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले.

महाभाष्य रुक्ष असेल असं वाटतं ना? पतंजली म्हणतो, घागर हवी असली की माणूस कुंभाराकडे जाऊन ‘घडवून दे’ म्हणतो. शब्द हवेत म्हणून वैयाकरणाच्या दारात कुणी जात नाही. लोक आधी बोलतात, व्याकरण मागाहून येतं.

पुढे कीलहॉर्न शिलालेखांकडे वळले. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचा, कर्नाटकातल्या ऐहोळेचा लेख त्यांनी संपादला. तीन महाराष्ट्रकं, म्हणजे महाराष्ट्राचे तीन भाग, आणि त्यांतली 99 हजार गावं, हा उल्लेख त्याच लेखातला.

1908 साली ते गोटिंगेनला वारले. महाभाष्याच्या त्यांच्या आवृत्तीवर पुढे पुण्यात काशीनाथ वासुदेव अभ्यंकरांनी हात फिरवला. त्यांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी महाभाष्य मराठीत आणलं होतं. आजही पतंजलीचं वाक्य नेमकं कुठलं हे सांगायचं झालं, तर अभ्यासक कीलहॉर्नचा खंड, पान आणि ओळ सांगतात.