बेचकीच्या आकाराचं एक हाड

श्रोते हो, नमस्कार.

कोंबडी खाणाऱ्यांनी तिच्या गळ्यापाशी, छातीच्या वरच्या टोकाला, एक बारीक हाड पाहिलं असेल. बेचकीसारखं, दोन फाटे एका जागी जुळलेले. आपल्या खांद्यांपाशी दोन कॉलर बोन असतात ना, तीच पक्ष्यांत एकमेकांना जोडली गेली आहेत. ताटाच्या कडेला टाकून दिल्या जाणाऱ्या या हाडापायी पक्षी आणि डायनासोर यांचं नातं कित्येक दशकं नाकारलं गेलं.

खरं तर सुरुवात चांगली झाली होती. १८६१ साली बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीत आर्किऑप्टेरिक्स या प्राण्याचा जीवाश्म सापडला. पिसं पक्ष्याची, पण जबड्यात दात आणि शेपटीत हाडांची लांब माळ. पुढे काही वर्षांतच इंग्रज जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सली यांनी पक्षी आणि डायनासोर यांचं जवळचं नातं मांडलं. मग १९२६ साली गेरहार्ट हाइलमान या डॅनिश चित्रकाराचा पक्ष्यांच्या उगमावरचा ग्रंथ इंग्रजीत आला. पाय, कंबर, हात, कवटी, सगळी साम्यं त्यांनी बारकाईनं नोंदवली आणि कॉलर बोनपाशी ते अडले. डायनासोरांना ती नाहीत, आणि उत्क्रांतीत एकदा गमावलेला अवयव जसाच्या तसा परत येत नाही. म्हणून डायनासोर पक्ष्यांचे पूर्वज नव्हेत. विचार अगदी सरळ होता. जगानं तो मानला.

पण ते हाड तेव्हा सापडलेलं होतं! १९२३ साली अमेरिकन मोहिमेला गोबीच्या वाळवंटात एका डायनासोरचा सांगाडा मिळाला, अंड्यांच्या शेजारी. अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ हेन्री ऑस्बर्न यांनी पुढच्याच वर्षी त्याला नाव दिलं ओविरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. त्याच्या छातीतलं ते हाडही त्यांनी पाहिलं, पण दुसरंच कुठलं तरी समजले. मंगोलियाचे जीवाश्मतज्ज्ञ बार्सबोल्ड यांनी त्या कुळातलं ते हाड नीट ओळखलं, तोवर १९८० चं दशक उजाडलं होतं. आता तर टिरॅनोसॉरसच्या सांगाड्यातही ते मिळालं आहे. एवढा अवजड प्राणी उडत नव्हता, हे सांगायला नकोच. म्हणजे उडण्याच्या कितीतरी आधी ते हाड तयार होतं. मला या साऱ्या कथेत हेच सर्वात विलक्षण वाटतं.

पिसांचंही तसंच. १९९६ साली चीनच्या लिआओनिंग प्रांतातला सायनोसॉरोप्टेरिक्स हा डायनासोर जगासमोर आला. अंगभर तंतूंसारखी मऊ पिसं, आणि पंख मात्र नाहीत. १९६४ साली अमेरिकेतल्या मोंटानात डायनोनिकस हा डायनासोर शोधणारे जॉन ऑस्ट्रम यांनी त्याच्या मनगटातल्या, पक्ष्यांसारख्याच अर्धचंद्राकृती हाडावरून पक्षी आणि डायनासोर यांचं नातं पुन्हा मांडलं होतं. तीस वर्षांनी त्या पिसांचे फोटो पाहायला ते हयात होते, याचा मला फार आनंद वाटतो.

आणि तो अंडीचोर? १९९३ साली गोबीतच तशाच एका अंड्यात पिल्लाचा सांगाडा मिळाला. पिल्लू ओविरॅप्टरच्याच कुळातलं निघालं. त्याच वर्षी त्या कुळातलं एक मोठं जनावर घरट्यावर बसलेलं सापडलं. पाय दुमडलेले, दोन्ही हात अंड्यांभोवती पसरलेले, खुडूक कोंबडी बसते ना, अगदी तसं. वाळूखाली गाडलं गेलं, तरी ते अंड्यांवरच होतं.