बांध आणि बियाणं: गोव्यात कुठलं भात कुठे पिकतं

[दृश्य: मे महिन्याची अखेर. विभागीय कृषी कार्यालयाचा व्हरांडा. बियाण्याच्या पिशव्यांची थप्पी.]

मिरग तोंडावर आला की गोव्यातल्या विभागीय कृषी कार्यालयांत वर्दळ वाढते. सवलतीच्या दरातलं भाताचं बियाणं न्यायला शेतकरी येतात. कुणी आपल्यापुरतं नेतो, कुणी जाता जाता शेजाऱ्याचीही पिशवी उचलतो. खिडकीपाशी विचारणा होते ती बहुतेक दोनच नावांची. ज्योती आली का? जया आहे का?

पेडण्यापासून काणकोणपर्यंत भातशेतीवर या दोन वाणांचं राज्य आहे. दोन्ही वाण बाहेरून आलेले. जया १९६८ साली देशभरासाठी प्रसारित झाला, हरितक्रांतीच्या पहिल्या लाटेत. ज्योती १९७४ सालचा, केरळातल्या पट्टांबीच्या भात संशोधन केंद्राचा. तिथल्या पीटीबी-१० या वाणाचा आयआर-८ शी संकर करून तो तयार झाला. म्हणजे दोघांनीही पन्नाशी ओलांडली. इतकी वर्षं एखादं बियाणं शेतात टिकून राहतं, ते नुसत्या सरकारी शिफारशीवर राहत नाही.

ज्योती गोव्यात रुजला तो आधी ताटात. त्याचा दाणा तांबडा आणि उकड्या तांदळासाठी उत्तम.

[दृश्य: अंगणातली तीन दगडांची चूल. मोठ्या भांड्यात भात उकडतं आहे. वाफ.]

उकडा करायचं काम वेळखाऊ आहे. भात रात्रभर भिजत घालायचं. सकाळी चुलीवर चढवायचं आणि टरफल तडकायला लागेपर्यंत उकडायचं. जास्त झालं तर दाणा फुलून फुटतो, कमी झालं तर गिरणीत कणी पडते. मग ते अंगणात पसरायचं, पायाने ओळी ओढत वरखाली करायचं आणि दाताखाली दाणा घेऊन पाहायचं, सुकला की नाही ते. सकाळची पेज या तांदळाची. दुपारी कढीबरोबर किंवा हुमणाबरोबर, म्हणजे माशाच्या आमटीबरोबर, तोच. ज्या घराला ही चव लागलेली आहे, ते घर आपल्या खाण्यासाठी ज्योतीच लावतं. जयाचा दाणा पांढरा, मुदत थोडी जास्त, उताराही चांगला. विकायला जया आणि घराला ज्योती, अशी वाटणी कितीतरी शेतकरी एकाच शेतात करतात.

गोवा पाव खातो, पोळी खातो, गावोगावच्या भट्ट्या पहाटेपासून तापलेल्या असतात. पण त्या पिठाचा गहू घाटापलीकडून येतो. फुटवे यायच्या वेळी गव्हाला जी कोरडी थंडी हवी असते, ती समुद्राकाठच्या या दमट हवेत मिळत नाही. त्यामुळे इथल्या शेतकऱ्यापुढे वाण निवडायचा प्रश्न येतो तो भाताचाच.

[दृश्य: ड्रोनमधून तिसवाडी. नदी, खारफुटी, बांधाची वळणदार रेघ, आत हिरवी शेतं.]

गोव्याची भातजमीन तीन प्रकारची. डोंगरउतारावरची ती मोरड. पाणी तिथे थांबत नाही. सत्तरी आणि सांगेच्या बाजूला ती जास्त. तिथे कमी दिवसांत हाती येणारं भातच लावावं लागतं, कारण पाऊस ओसरला की ओल संपली. त्यात गवे आणि रानडुकरं. कणसं भरताना रात्रीची राखण केल्याशिवाय तिथे पीक घरात येत नाही.

मधली वाळूमिश्रित जमीन ती खेर. ज्योती आणि जया तिथे सुखाने वाढतात. जिथे पाण्याची सोय आहे तिथे पावसाळी सरद पीक काढून हिवाळ्यात वायंगणही घेतात. साळावली धरणाचं पाणी सांगे, केपे, सासष्टीत पोचलं, अंजुणेचं सत्तरी-डिचोलीत आणि तिळारीचं पेडणे, डिचोली, बार्देशात. कुडतरीला तर गावाची जुनी तळी आहेत आणि त्यांच्यावरच तिथलं वायंगण उभं आहे. कालव्याचं पाणी नक्की असेल तर वाण निवडणं फार अवघड जात नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात पेरून उन्हाळ्याच्या तोंडावर जे निघेल ते लावायचं. ज्योतीची मुदत साधारण चार महिन्यांची, त्यामुळे तो इथेही बसतो.

तिसरी जमीन खाजन. या चित्रफितीत आपण जास्त वेळ थांबणार आहोत ते इथे.

मांडवी, झुवारी, शापोरा, साळ या नद्यांत भरतीचं खारं पाणी खूप आतपर्यंत चढतं. या पाण्याला मातीचे बांध घालून जी जमीन मिळवली, ती खाजन जमीन. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन सांगतात. ती भरतीच्या पातळीच्याही खाली आहे. म्हणजे बांध नसता तर आज जिथे भात डोलतं तिथे दिवसातून दोनदा नदी आली असती.

[दृश्य: मानस. लाकडी दार, त्यावर चिखलाची आणि शेवाळाची रेघ. ओहोटी सुरू होते.]

बांधात ठरावीक जागी मानस असते. आपण ही जवळून पाहू. दगडी चौकटीत लाकडाची दारं, वरून टांगलेली, बाहेरच्या बाजूला उघडणारी. ओहोटी लागली, नदीचं पाणी खाली गेलं की आतलं पाणी दार ढकलतं आणि बाहेर पडतं. भरती आली की नदीच दार लोटून बंद करते. यंत्र नाही, वीज नाही. माणसाने करायचं ते एवढंच की फळी कुजली तर बदलायची, दाराखाली दगड किंवा ओंडका अडकला तर काढायचा आणि फट पडली तर चिखलाने बुजवायची. दाराच्या आतल्या बाजूला पोंय, म्हणजे पाणी साठायचा खोलगट भाग, असते. शेतातले चर येऊन तिला मिळतात. बाहेर पडणाऱ्या पाण्याला जाळं लावलं की सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि मासे मिळतात. हा हक्क लिलावाने दिला जातो आणि त्यातून बांधाचा खर्च निघावा अशी जुनी रीत आहे.

पण मातीत मीठ असतंच. बांधाखालून झिरपतं, उन्हाळ्यात वर चढतं आणि मे महिन्यात काही ठिकाणी जमिनीवर पांढरं दिसतं. मिरगाचे पाऊस पडायला लागले की ते विरघळतं, चरांतून पोंयीत उतरतं आणि ओहोटीबरोबर मानशीतून नदीला जातं. जमीन धुऊन निघायला पावसाचे चांगले दिवस मिळावे लागतात. पाऊस लांबला, मध्ये खंड पडला की मीठ पुन्हा वर. भाताचं रोप दोन वेळा मिठाला सगळ्यात हळवं असतं. एकदा कोवळं असताना, एकदा पोटरीतून निसवून फुलोऱ्यात येताना. ज्योतीचं रोप अशा खंडात पिवळं पडून बसतं. कधी उभं राहतं, कधी नाही.

इथे कोरगुट लागतो.

[दृश्य: ओलं पोतं उघडलं जातं. आत पांढरे मोड फुटलेलं बी.]

कोरगुट हा खाजनातलाच गावठी वाण. तो कुणी संशोधकाने केंद्रात घडवलेला नाही. मिठात जे रोप तगलं त्याचं बी राखत पिढ्यांनी तो जपला. पोत्यात भिजवून, पेंढ्याखाली दडपून त्याला मोड आणतात. मग ओहोटीची वेळ पाहून शेतातलं पाणी मानशीतून काढतात आणि चिखलावर मोड आलेलं बी फोकतात. पुढचे काही दिवस डोळ्यांत तेल घालून पाणी सांभाळायचं. रोप बोटभर वर आलं की मग फारशी काळजी नाही. उंच वाढतं, त्यामुळे सखल भागात पाणी साचलं तरी बुडत नाही. पेंढाही भरपूर मिळतो.

उणीव काय, तीही सांगितली पाहिजे. ज्योती किंवा जया चांगल्या जमिनीत जे देतात, त्याच्या निम्म्याच्या आसपास कोरगुट देतो. उंच असल्यामुळे परतीच्या पावसात आणि वाऱ्यात लोळतो. लोळलेलं भात कापणी यंत्राला नीट उचलता येत नाही. हाताने कापायला माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर मजुरी परवडत नाही. शिवाय खाजनाच्या चिखलात जड यंत्र रुततंच. कोरगुट मागे पडला त्यामागे ही सगळी कारणं आहेत. ज्या शेतकऱ्याने तो सोडला त्याला नावं ठेवणं मला पटत नाही. त्याचा हिशेब त्याच्या ठिकाणी बरोबर होता.

कोरगुटाबरोबर आणखीही वाण होते. आजगो, खोचरी, शिडी, दामगो, मुणो. कुठला सखल पाण्याचा, कुठला उंचवट्याचा. ही नावं आता जुन्या जाणत्या शेतकऱ्यांच्या तोंडी तेवढी ऐकू येतात. शेतात ती क्वचितच भेटतात.

[दृश्य: जुने गोवे. संशोधन संस्थेचे प्रयोगाचे वाफे, पाट्या लावलेले.]

जुने गोवे इथे एला परिसरात भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीची संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी खाजनांतल्या कोरगुटातूनच चांगल्या ओळी निवडल्या आणि त्यांतून गोवा धान-१ आणि गोवा धान-२ हे वाण पुढे आले. मीठ सोसायची ताकद तीच, उतारा जास्त. त्यानंतर गोवा धान-३ आणि गोवा धान-४ हेही आले. मला या कामाचं मोल फार वाटतं, कारण इथे गावठी बियाणं मागास ठरवून टाकून दिलं नाही. त्याचाच गुण हाताशी धरून पुढचं पाऊल टाकलं.

एवढं सगळं हाती असताना मग खाजनं पडीक का? पणजीकडून चोडणला फेरीबोटीतून जाताना, दिवाडीच्या रस्त्यावर, सासष्टीत नदीकाठाने, जागोजागी शेतात खारफुटी उगवलेली दिसते. तिथे कोरगुट लावणारा नाही आणि गोवा धानही नाही.

उत्तर बांधात आहे.

पूर्वी बांध गावकारीचा, म्हणजे गावाची जमीन सामायिक राखणाऱ्या कोमुनिदाद या जुन्या संस्थेचा. गावाने एकत्र राखायचा. भगदाड पडलं तर सगळ्या गावाने धावायचं. १९६४ साली कुळवहिवाट कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ कसत असलेल्या जमिनीचं मालक झालं. हे न्यायाचंच होतं. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीत राबणाऱ्यांना हक्क मिळाला. बांधांची जबाबदारी मग कुळांच्या संघटनांकडे आली. काही गावांत त्या आजही जागेवर आहेत, बैठका होतात, मे महिन्यात बांधावर माती पडते. काही गावांत संघटना कागदावर राहिली. शेताचे तुकडे झाले, मुलं नोकरीला लागली, कुणी परदेशी गेलं. मासळीचा लिलाव मात्र दरवर्षी होतो, कारण सुंगटांना भाव आहे. ज्याला मासळी हवी त्याला आत खारं पाणी हवं आणि ज्याला भात हवं त्याला ते नको. शेतकरी शेतात उतरेनासे झाले की दुसऱ्या बाजूचं पारडं जड होतं. मानशीचं दार रात्री उघडं राहतं.

भगदाड पडल्यावर जमीन कशी जाते, त्याचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या वर्षी ज्योती जळतो. बांध तसाच राहिला तर मीठ वाढत जातं आणि कोरगुटही टिकत नाही. कोरगुट मीठ सोसतो, पण भरतीचं खारं पाणी रोज अंगावरून गेलं तर तोही मरतो. मग चिखलात खारफुटीचं बी रुजतं. ती मोठी झाली की तोडायलाही कायदा आडवा येतो आणि ती जमीन शेतीला परत मिळणं दुरापास्त होतं.

म्हणून वाणांची चर्चा करताना बियाण्याच्या पिशवीपाशी थांबून चालत नाही. बियाणं थंड खोलीत, डब्यात जपून ठेवता येतं. कोरगुटाचा गुण शाबूत राहायला मात्र खाजनच लागतं. थोडं खारं, बांधाच्या आतलं, दरवर्षी पेरलेलं.

[दृश्य: ऑगस्ट. निसवलेलं भात. देवळासमोर कणसांची जुडी.]

लवकर निसवणाऱ्या भाताला गोव्यात आणखी एक मागणी आहे. राय गावात ५ ऑगस्टला आणि ताळगावात २१ ऑगस्टला कणसांचं फेस्त, म्हणजे चर्चचा नव्या कणसांचा सण, होतं. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, पंचमीला, नवी कणसं घरात येतात आणि दाराला बांधली जातात. त्या दिवसासाठी शेतात कुठेतरी कणीस बाहेर पडलेलं हवं. म्हणून काही शेतकरी एक कोपरा आधी पेरतात. शेती सोडलेली घरंसुद्धा त्या दिवशी शेजाऱ्याच्या शेतातून कणसं मागून आणतात.

[दृश्य: पुन्हा बांध. चिखलाचे गोळे हातोहात पुढे सरकत आहेत.]

पडीक खाजन पुन्हा लागवडीखाली आणायचं असेल तर क्रमही उलटा घ्यावा लागतो. आधी भगदाड बुजवायचं आणि मानस दुरुस्त करायची, तेही मे महिन्यात, कारण पाऊस सुरू झाल्यावर चिखल बसत नाही आणि नदीही फुगते. मग एक पावसाळा जमीन धुऊ द्यायची. पहिली पेरणी कोरगुटाची किंवा गोवा धानाची, आणि मीठ किती उतरलं ते पाहून नंतर ज्योतीची. त्या पहिल्या पेरणीसाठी कोरगुटाचं बी आयत्या वेळी कार्यालयाच्या खिडकीवर मिळेल याची खात्री नसते. ज्यांच्या शेतात तो आज उभा आहे, त्यांच्याशी ऑक्टोबरच्या कापणीआधीच बोलून, भेसळ काढलेल्या शेतातलं, चांगलं वाळवलेलं बी वेगळं ठेवायला सांगावं लागतं.