विहीर आणि कर्जरोखे

[दृश्य: वेन्सम नदी, किंग स्ट्रीट, जुन्या दगडी घराचं दार]

इंग्लंडच्या पूर्वेकडचं नॉर्विच शहर. किंग स्ट्रीटवरच्या या दगडी घराला लोक अजून ज्युर्नेटचं घर म्हणतात. तळघरात उतरलं की बाराव्या शतकातल्या कमानी. इथल्या बड्या ज्यू सावकार घराण्याचं नाव वास्तूला चिकटलं, ते आजवर सुटलेलं नाही.

या घराण्याची वंशावळ लावायची कशी? आडनाव नाही. ज्युर्नेट, त्याचा मुलगा आयझॅक, आणि दप्तरात लिहायचं तर ‘नॉर्विचचा आयझॅक’. आपल्याकडे कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांनी गावावरून रोहेकर, पेणकर लावलं, त्यासारखंच. फरक इतकाच, की रोहेकराचा नातूही रोहेकरच राहिला. इथे प्रत्येक पिढीत बाप-लेकाची जोडी नव्याने जुळवावी लागते.

त्यात मदत होते ती राजाच्या हावरटपणाची. ज्यू ही राजाची मालमत्ता मानली जाई. त्यांनी व्याजाने पैसा लावायचा आणि राजाने तो करातून, दंडातून ओढून घ्यायचा. 1190 मध्ये यॉर्कला दंगलखोरांनी ज्यूंची कत्तल केली, कर्जरोखेही जाळले. रोखे जळाले म्हणजे राजाचीही वसुली बुडाली. मग 1194 पासून ठरावीक शहरांत रोख्यांसाठी कुलूपबंद पेट्या आल्या. एकाच चामड्याच्या कागदावर करार दोनदा लिहायचा, मधोमध वेडावाकडा कापायचा. एक तुकडा सावकाराकडे, दुसरा पेटीत. वाद झाला की दोन्हींचे काठ जुळवून बघायचे. आज कोणाचा मुलगा कोण, कोणाला साक्षीला कोण, हे कळतं ते अशाच देण्याघेण्याच्या कागदांतून.

[दृश्य: 1233 च्या गुंडाळीवरचं चित्र]

आणि कधी चित्रातूनही. 1233 च्या सरकारी जमाखर्चाच्या गुंडाळीवर कुणा कारकुनाने वरच्या भागात चितारलेला हा आयझॅक. तीन तोंडं, डोक्यावर मुकुट. खाली त्याच्या व्यवहारातले मोसी मोक आणि अवेगाये, दोघांच्या मध्ये सैतान. ज्याच्या पैशाची नोंद करायची, त्याचीच टवाळी त्याच चामड्यावर! कारकुनाला फावला वेळ बराच असावा.

कागदांत येतात ती पैसेवाली माणसं. बाकीच्यांचं काय?

[दृश्य: चॅपलफील्ड, आजचं खरेदी संकुल]

2004 साली इथे बांधकामाच्या खोदाईत एक मध्ययुगीन विहीर लागली. आत किमान 17 माणसांचे सांगाडे. सहा मोठी, अकरा मुलं. पुरलेली नव्हेत, टाकलेली.

बरीच वर्षं ही माणसं कोण, याचा उलगडा होईना. 2013 मध्ये अर्लहॅमच्या दफनभूमीत, ज्यूंसाठीच्या भागात, त्यांचं पुन्हा दफन झालं. 2022 मध्ये सहा जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं जनुकीय नातं आजच्या अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य-पूर्व युरोपातल्या नव्हे तर मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यूंशी जवळचं निघालं. त्यांतल्या तिघी सख्ख्या बहिणी. धाकटी पाच ते दहा वर्षांची, मधली दहा ते पंधरा, थोरली ऐन तारुण्यातली. आणखी एक तान्हा मुलगा. त्याचे डोळे निळे आणि केस लाल असावेत, असं जनुकं सांगतात.

हाडांचा काळ येतो 1161 ते 1216. संशोधकांचं बोट जातं 6 फेब्रुवारी 1190 कडे. धर्मयुद्धाला निघालेल्यांनी त्या दिवशी नॉर्विचमध्ये घरात सापडतील ते ज्यू मारले. किल्ल्यात पोचले ते वाचले, असं त्याच काळातला बखरकार राल्फ द डिसेटो लिहितो.

ज्युर्नेट तेव्हा हयात होता. वस्ती एवढी छोटी, की हे लोक एकमेकांना ओळखत नसतील हे पटत नाही. पण या तीन बहिणींनी कुणाला कर्ज दिलं नव्हतं. म्हणून त्यांची नावं कुठल्या रोख्यावर नाहीत.

[दृश्य: नदीचा घाट, संध्याकाळ]

1290 मध्ये पहिल्या एडवर्डने इंग्लंडमधल्या सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. मुदत एक नोव्हेंबरपर्यंत. नॉर्विचच्या एका कवीच्या हिब्रू कविता मात्र टिकल्या. त्यांचं हस्तलिखित आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. त्यातल्या एका कवितेच्या ओळींची आद्याक्षरं क्रमाने जुळवत गेलं, की कवीचा पत्ता लागतो: मेइर, एलियाहूचा मुलगा, नॉर्विचचा, इंग्लंड नावाच्या बेटावरचा.