नाणेफेक नाकारणारे दोघे : ब्रिटिश सलून कार अजिंक्यपदाचा पहिला हंगाम

श्रोतेहो, नमस्कार.

आज ‘ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप’ या नावाने ओळखली जाणारी मोटारशर्यतींची राष्ट्रीय स्पर्धा १९५८ साली सुरू झाली, तेव्हा तिचे नाव ‘ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप’ असे होते. सलून म्हणजे घरोघरी वापरली जाणारी, छपराची प्रवासी गाडी. तिच्या पहिल्याच हंगामाविषयी आज मी बोलणार आहे. लहानमोठ्या, स्वस्त-महाग अशा सर्वस्वी असमान गाड्या एकाच शर्यतीत धावत असतील, तर त्यांतून एक विजेता न्यायाने कसा निवडावा, हा प्रश्न त्या वर्षी संयोजकांपुढे शेवटच्या दिवसापर्यंत उभा होता, आणि त्याचे जे उत्तर निघाले ते मला मोटारशर्यतींच्या इतिहासातील सर्वांत सुंदर उत्तरांपैकी एक वाटते.

तो काळ आधी ध्यानात घेऊ. सुएझ कालव्याच्या पेचप्रसंगामुळे ब्रिटनमध्ये डिसेंबर १९५६ पासून मे १९५७ पर्यंत पेट्रोलचे रेशनिंग होते. देशातला पहिला मोटरवे, म्हणजे प्रेस्टनचा वळणरस्ता, अद्याप खुला व्हायचा होता. तो खुला झाला डिसेंबर १९५८ मध्ये, हा हंगाम संपल्यावर. कुटुंबाची गाडी ही मोठी मिळकत होती आणि तिच्याविषयी लोकांना जिव्हाळा होता. अशा वेळी ब्रिटिश रेसिंग अँड स्पोर्ट्स कार क्लबने छपराच्या, रोज कामावर नेल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी राष्ट्रीय अजिंक्यपद ठेवले. ग्रां प्रीची एकासनी गाडी प्रेक्षक केवळ कौतुकाने पाहू शकत होता. इथे मात्र आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीचेच भावंड वळणावर कलंडता कलंडता सावरताना त्याला दिसणार होते.

अडचण अशी होती की ऑस्टिन ए३५ ही ९४८ सीसीची चिमुकली गाडी आणि जग्वारची ३.४ लिटरची दणकट सलून एकाच मैदानात उतरणार होत्या. सरळ रस्त्यावर जग्वारने एकदा वेग घेतला की ए३५ तिच्या आसपासही दिसणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. म्हणून इंजिनाच्या आकारमानानुसार चार वर्ग पाडले गेले आणि गुण मिळणार ते आपापल्या वर्गातील क्रमांकानुसार, असे ठरले. सगळ्यात आधी रेषा ओलांडणाऱ्याला टाळ्या मिळत. पण मागून येणाऱ्या छोट्या गाडीने आपल्या वर्गात बाजी मारली असेल, तर अजिंक्यपदाच्या हिशेबात तिचे मोल कमी धरले जात नसे. या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली. समोर पहिला आलेला माणूस विजेता नसेल, तर प्रेक्षकाने पाहायचे तरी काय, असा आक्षेप घेतला जाई आणि त्यात तथ्य आहेच. तरीही माझ्या मते त्या वेळी हाच मार्ग योग्य होता. वर्ग नसते, तर ज्याला जग्वार परवडते त्याचीच ही स्पर्धा झाली असती आणि बाकीच्यांनी दुसऱ्या हंगामात पाऊल ठेवले नसते. शिवाय वर्गांमुळे एकाच शर्यतीत चार शर्यती चालत. वळण येताच जड गाडीला फार आधी ब्रेक लावावा लागतो, तर हलकी गाडी आपला वेग जवळजवळ तसाच राखत आत शिरते. सरळ रस्त्यावर गमावलेले अंतर ती वळणांवर तुकड्यातुकड्याने परत मिळवते. ज्याला गाडी चालवण्याची कला पाहायची आहे, त्याने ती तिथे पाहावी.

या हंगामातून दोन नावे पुढे आली. जॅक सीअर्स हे नॉरफोकचे शेतकरी. त्यांच्याकडे ऑस्टिन ए१०५ वेस्टमिन्स्टर होती : सहा सिलिंडर, २,६३९ सीसी, जेमतेम शंभर अश्वशक्ती, आणि दिसायला एखाद्या कौटुंबिक डॉक्टरची गाडी असावी तशी शालीन. दुसरे टॉमी सॉपविथ. पहिल्या महायुद्धातील ‘सॉपविथ कॅमल’ हे लढाऊ विमान ज्यांच्या कारखान्यात तयार झाले, त्या सर थॉमस सॉपविथ यांचे ते चिरंजीव. वडिलांनी १९३४ साली ‘अमेरिका कप’ या शिडाच्या नौकांच्या शर्यतीसाठी ज्या नौकेतून झुंज दिली तिचे नाव ‘एंडेव्हर’, आणि मुलाच्या मोटार-संघाचे नाव ‘एकीप एंडेव्हर’. सॉपविथ यांची जग्वार ३.४ ही सीअर्स यांच्या ऑस्टिनच्या दुप्पट ताकदीची होती आणि तिच्या वर्गात स्पर्धाही कडवी होती. त्याच वर्षी फॉर्म्युला वनचे जगज्जेते झालेले माइक हॉथॉर्न हेदेखील याच जातीची जग्वार घेऊन शर्यतीत उतरत.

हे दोघे वेगवेगळ्या वर्गांत होते, त्यामुळे गुणांसाठी त्यांची एकमेकांशी गाठ कधी पडलीच नव्हती. आणि हंगाम संपताना दोघांचे गुण नेमके सारखे झाले. आता करायचे काय? दोघांना थेट झुंजवावे, तर जग्वारपुढे ऑस्टिन टिकणार नाही, आणि तो निकाल माणसांचा न ठरता इंजिनांचा ठरेल. नाणेफेकीने निर्णय घ्यावा, अशी सूचना पुढे आली. ती दोघांपैकी एकालाही रुचली नाही. महिनोन्‌महिने मेहनत करून मिळवलेले पद नाण्याच्या कौलावर सोडायला नकार देताना दोघेही हरण्याची जोखीम उघड्या डोळ्यांनी पत्करत होते, आणि म्हणूनच मला तो नकार मोठा वाटतो.

मग ‘ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन’ (बीएमसी) या मोटार-कंपनीच्या स्पर्धा विभागाचे प्रमुख मार्कस चेंबर्स यांनी दोन रायली वन-पॉइंट-फाइव्ह गाड्या दिल्या. दोन्ही एकाच घडणीच्या, १,४८९ सीसीच्या; दोघांपैकी एकाचीही ती नेहमीची गाडी नव्हती. ऑक्टोबरमध्ये केंट परगण्यातील ब्रँड्स हॅच या शर्यतमार्गावर पाच-पाच फेऱ्यांच्या दोन शर्यती घ्यायच्या, मधल्या वेळात दोघांनी गाड्यांची अदलाबदल करायची आणि दोन्ही शर्यतींचा एकूण वेळ ज्याचा कमी तो विजेता, असे ठरले.

या अदलाबदलीत खरी मेख आहे. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्याही कधी अगदी सारख्या नसतात. कुणाचा कार्ब्युरेटर जरा बरा बसलेला असतो, कुणाचे ब्रेक उशिरा धरतात. एक गाडी दुसरीपेक्षा फेरीमागे अर्ध्या सेकंदाने चपळ आहे असे धरले, तरी तिचा लाभ दोघांनाही पाचच फेऱ्या मिळतो आणि बेरजेत तो फरक फिटून जातो. उरतो तो गाडी चालवणाऱ्या हातांचा फरक.

पहिली शर्यत सॉपविथ यांनी जिंकली. दुसरी सीअर्स यांनी, आणि ती अधिक मोठ्या फरकाने. बेरीज केली तेव्हा सीअर्स १.६ सेकंदांनी पुढे होते. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्या वेळात सुमारे ४४ मीटर पुढे सरकते, म्हणजे अकरा रायली एकामागे एक उभ्या केल्या तर भरेल तेवढे अंतर. एवढ्याशा फरकाने ब्रिटनला पहिला सलून कार विजेता मिळाला.

वर्गवार गुणांची पद्धत पुढे बदलत बदलत बराच काळ टिकली. तिच्यामुळेच १९६१ मध्ये जॉन व्हिटमोर यांना मिनी या इवल्याशा गाडीने अजिंक्यपद मिळवता आले. १९९१ मध्ये मात्र वेगवेगळे वर्ग मोडून सर्वांसाठी दोन लिटरच्या गाड्यांचा एकच वर्ग ठरवण्यात आला. सीअर्स यांनी १९६३ मध्ये पुन्हा विजेतेपद पटकावले. त्या वेळी त्यांनी छोटी फोर्ड कॉर्टिना आणि अवाढव्य अमेरिकन फोर्ड गॅलक्सी अशा दोन्ही टोकांच्या गाड्या चालवल्या होत्या. २०१३ साली या स्पर्धेत नव्या नियमांच्या गाड्यांबरोबर जुन्या घडणीच्या गाड्याही धावत होत्या. त्या जुन्या गाड्यांच्या चालकांसाठी एक वेगळा चषक ठेवण्यात आला आणि त्याला जॅक सीअर्स यांचे नाव देण्यात आले. तेव्हा सीअर्स हयात होते. पुढे २०१६ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

नमस्कार.