नऊ कळश्या

श्रोतेहो, नमस्कार. वैशाखाच्या या उन्हात, त्यातून मागे काही काळजी लागलेली असताना, मनाचा तोल कसा सांभाळावा याविषयी मी बोलावे असे मला सांगण्यात आले आहे. माझ्याजवळ उत्तर एकच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: रोजचे काम रोजच्या वेळी करावे.

आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. हवामान खाते ज्याला उष्णतेची लाट म्हणते, तो आमचा नेहमीचा मंगळवार असतो. दुपारचे चार तास हातचे गेलेलेच असतात, म्हणून सगळी कामे पहाटेकडे सरकतात. त्यातले पहिले काम माठाचे. माठातून झिरपलेले पाणी वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते आणि हवा कोरडी असल्यामुळे ते आमच्याकडे जसे गार होते, तसे मुंबईच्या दमट हवेत होत नाही. माठ रोज विसळावा, साबण लावू नये, एवढे आपण जाणताच. माठाला तोटी बसवण्याची जी पद्धत आली आहे, तिच्याविषयी माझे मत चांगले नाही; तिच्यामुळे माठातून पाणी काढायचे ओगराळे घरातून गेले आणि त्याच्यामागून तो शब्दही चालला आहे.

२०२० च्या मार्चमध्ये मी अकोल्याजवळ, महामार्गालगत राहणाऱ्या माझ्या आत्याकडे चार दिवसांसाठी गेलो आणि २५ तारखेपासून टाळेबंदी लागल्यामुळे तिथेच अडकलो. मुलगा पुण्यात एकटा होता. मी सकाळपासून दूरचित्रवाणीसमोर बसून रुग्णांचे आकडे पाहत असे, रात्री झोप येत नसे. आत्याने माझी समजूत घातली नाही. तिने माझ्या हातात कळशी दिली.

दर उन्हाळ्यात तिच्या अंगणाबाहेर, कडुनिंबाखाली, पाणपोईचा रांजण असे. कालचे उरलेले पाणी झाडाला घालायचे, रांजण विसळायचा आणि विहिरीवरून नऊ कळश्या आणून भरायचा. मी म्हणालो, "आत्या, रस्त्यावर कुत्रं नाही, कोण पिणार हे पाणी?" ती म्हणाली, "तू भर." पाच आठवडे मी ते पाणी रोज भरले आणि दुसऱ्या दिवशी रोज कडुनिंबाला घातले. मन आकड्यांत गुंतलेले असल्यामुळे मी कळश्या मोजताना चुकत असे. पण श्रोतेहो, रांजण भरत आला की पाण्याचा आवाज बारीक होत जातो आणि आत्याला तो स्वयंपाकघरात बसून कळत असे. "आजून एक राह्यली," ती आतून सांगे. हळूहळू तो आवाज मलाही ऐकू येऊ लागला. त्या अर्ध्या तासात मला पुणे आठवत नसे. दूरचित्रवाणी मी संध्याकाळी एकदाच लावू लागलो, तीही रोजच्या वेळी.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरतेहून पायी निघालेले सहा मजूर सकाळी अकराच्या सुमारास आमच्या झाडाखाली आले. त्यांना रायपूरकडे जायचे होते, म्हणजे अजून पाचशे किलोमीटरांहून अधिक वाट बाकी होती. एकाने येताक्षणी ओंजळ पुढे केली, तर आत्या ओगराळे मागे घेऊन कडाडली, "आंधी बस. गूळ खाय. मंग पानी पे." तिची वऱ्हाडी त्यांना समजली की नाही कोण जाणे, पण ते निमूट बसले. उन्हातून आलेल्याने आधी टेकायचे, गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि मग पाणी प्यायचे, हा तिचा क्रम कोणासाठीही मोडत नसे. साथीचे दिवस म्हणून तिने पेला मात्र काढून टाकला होता. लांब दांड्याच्या ओगराळ्याने ती वरून धार धरी.

ऊन उतरेपर्यंत ते झाडाखाली पडून राहिले. निघताना त्यांच्यातल्या सर्वांत लहान मुलाने, कोणी न सांगता, कळशी उचलली आणि रिकामा झालेला रांजण भरायला सुरुवात केली. सातवी कळशी ओतून तो कळशी उपडी घालणार, इतक्यात आतून आवाज आला, "आजून दोन."

नमस्कार.